कोमट पाण्यातले मासे
(विद्युत्केंद्रांच्या शीतकजलाचा मत्स्यजीवनावर होणारा परिणाम : एक अभ्यास)

— तृतीय वर्ष कला (भूगोल)

गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला आमच्या सरांनी ‘प्रदूषण म्हणजे काय?’ असा प्रश्न वर्गाला विचारला. कोणी रसायने म्हणाले, कोणी सांडपाणी, कोणी प्लॅस्टिक. सरांनी सगळी उत्तरे फळ्यावर लिहून घेतली आणि मग विचारले, “एखाद्या कारखान्याने नदीत नुसतेच गरम पाणी सोडले, त्यात दुसरे काहीही मिसळलेले नाही, तर ते प्रदूषण होईल का?” मी उभी राहिले आणि मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, “नाही सर. पाणी ते पाणीच. निवले की संपले.” वर्गालाही ते पटले. सर एवढेच म्हणाले, “हे उत्तर लिहून आण. मात्र लिहिण्यापूर्वी तपासून पाहा.”

प्रस्तुत लेख म्हणजे ते लिहून आणलेले उत्तर होय. त्याला वर्षभर उशीर झाला आहे आणि ते वर्गात दिलेल्या उत्तराशी जुळत नाही. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. रसायन व पदार्थविज्ञान यांची संगत दहावीनंतर सुटलेली. तेव्हा शास्त्रशाखेच्या वाचकांना यातील काही भाग बाळबोध वाटेल. त्यांनी सांभाळून घ्यावे, ही विनंती.

१. आपल्या गावांचे पाणी कोठून येते?

विषय विद्युत्केंद्रांचा, आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यात तर असे मोठे केंद्र दिसत नाही. मग हा लेख येथे कशासाठी, असे कोणीही विचारील. मलाही आरंभी तसेच वाटले. नकाशा पुढे घेऊन बसले तेव्हा निराळेच दिसले.

उल्हास नदी खंडाळा-राजमाचीच्या डोंगरांत उगम पावते आणि कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर अशी वाहत कल्याणच्या खाडीला मिळते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील बहुतेक नद्या पावसाळ्यात धावतात आणि उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरतात. उल्हास मात्र मे महिन्यातही वाहती असते. याचे कारण भिवपुरीचे जलविद्युत्केंद्र. मावळातील आंध्रा नदीवर ठोकरवाडी येथे टाटांनी धरण बांधले आणि तेथील पाणी सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात आणून १९२२ पासून भिवपुरीला वीज निर्माण केली. आंध्रा ही इंद्रायणीमार्गे भीमेला, म्हणजे अखेर कृष्णेला मिळणारी नदी. तिचे पूर्वेला जाणारे पाणी वीज करून पश्चिमेला सोडले जाते, ते उल्हास नदीत. बदलापूरच्या बंधाऱ्यावर जे पाणी उचलून, शुद्ध करून नळाने आपल्या घरी येते, त्यात उन्हाळ्यात मोठा वाटा या विद्युत्केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्याचा असतो. आपण सारे एका विद्युत्केंद्राच्या विसर्गावर जगतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

भिवपुरीचे पाणी गरम नसते. जलविद्युत्केंद्रात पाण्याच्या वेगाचा उपयोग होतो, उष्णतेचा नाही. औष्णिक केंद्राची गोष्ट वेगळी, आणि तेही आपल्या शेजारी होते. ठाकुर्लीचे ‘चोळा पॉवर हाऊस’ आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला चांगले माहीत होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १९२९ च्या सुमारास ते उभारले. कोळसा जाळून तेथे जी वीज होई, तिच्यावर आपल्या लोकलगाड्या व घाटातल्या गाड्या धावत. १९८० च्या दशकात ते बंद झाले. रेल्वेमार्गाने कोळसा येतो आणि जवळच खाडीचे पाणी आहे, हा त्या जागेचा गुण. औष्णिक केंद्र नदी, खाडी किंवा समुद्र यांच्याजवळच का असते, हे कळले की पुढचे सगळे कळते.

२. पाणी गरम का होते?

कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेच्या जोराने चक्र फिरवायचे आणि चक्राने वीज निर्माण करायची, ही औष्णिक केंद्राची साधी रीत. चक्र फिरवून झाले की वाफ वाया घालवीत नाहीत. तिचे पुन्हा पाणी करून ते बाष्पकात पाठवतात. वाफेचे पाणी करायचे तर तिची उष्णता कोणी तरी काढून घेतली पाहिजे. हे काम ‘संघनक’ नावाच्या यंत्रात होते. त्यातील हजारो नळ्यांमधून बाहेरचे थंड पाणी सतत वाहत असते. ते वाफेची उष्णता घेते व गरम होऊन बाहेर पडते. यालाच शीतकजल म्हणतात. वाफ आणि हे पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. तेव्हा ‘त्यात दुसरे काही मिसळलेले नसते’ हे माझे म्हणणे निदान इथपर्यंत बरोबर होते.

पण प्रमाण पाहा. शंभर मेगावॉट वीज हवी असेल, तर जुन्या पद्धतीच्या केंद्रात सुमारे तीनशे मेगावॉट उष्णता निर्माण करावी लागते. एक तृतीयांश वीज होते. थोडा भाग धुराड्यावाटे जातो. उरलेली दीडशे मेगावॉटच्या आसपासची उष्णता शीतकजलात जाते. म्हणजे विजेपेक्षा अधिक शक्ती आपण नदीला किंवा खाडीला देतो! एक घनमीटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ मेगाज्यूल उष्णता लागते. या हिशेबाने पाणी सात अंशांहून अधिक तापू द्यायचे नसेल, तर शंभर मेगावॉटसाठी दर सेकंदाला पाच घनमीटर, म्हणजे पाच हजार लिटर पाणी संघनकातून वाहते ठेवावे लागते. अणुकेंद्राला धुराडे नसते. त्यामुळे तेथे शंभर मेगावॉट विजेमागे जवळजवळ दोनशे मेगावॉट उष्णता पाण्यात जाते.

‘निवले की संपले’ हे खरे. पण हे पाणी निवायच्या आत मागून दुसरे गरम पाणी येतच असते, रात्रंदिवस. शिवाय गरम पाणी हलके असल्याने वरच्या थरात पसरते. खाडीत तर भरतीबरोबर तेच पाणी मागे येते आणि ओहोटीबरोबर पुन्हा पुढे जाते. मोकळ्या समुद्रात जे पाणी तासाभरात पांगेल, ते अरुंद खाडीत रेंगाळते.

३. माशाला काय होते?

आपल्या शरीराचे तापमान उन्हाळ्यात व हिवाळ्यात सारखेच असते. माशाचे तसे नाही. पाणी तापले की मासा तापतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याच्या शरीरातील व्यापार साधारण दुपटीने वेगवान होतात. त्याला प्राणवायू अधिक लागतो आणि अन्नही अधिक लागते. नेमकी इथेच अडचण उभी राहते. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६, आणि ३५ अंशांना सुमारे ७. मिळकत घटते आणि खर्च वाढतो, असा हा संसार आहे.

हे डोळ्यांनी पाहावे म्हणून मी एक छोटा प्रयोग केला. हिवतापाच्या डासांसाठी नगरपालिका गप्पी मासे सोडते, त्यांतले दोन मासे दोन काचेच्या बरण्यांत ठेवले. एका बरणीचे पाणी तसेच राहू दिले. दुसरी कोमट पाण्याच्या परातीत ठेवून तिचे पाणी हळूहळू चार-पाच अंशांनी वाढवले. उष्णतामापक शास्त्रशाखेतील मैत्रिणीने दिला. दुसऱ्या बरणीतल्या माशाचे कल्ले पाहता पाहता भराभर हलू लागले; मोजता मोजता माझा आकडा चुकला. थोड्या वेळाने तो पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू-मिटू लागला. मी लगेच बरणी परातीतून काढली. पाणी स्वच्छ होते, पिण्याचेच होते. त्यात मी उष्णतेवाचून काहीही घातले नव्हते. वर्गातले माझे उत्तर त्या क्षणीच बाद झाले.

परदेशी पुस्तकांत ट्राउट माशाचे उदाहरण असते. तो थंड पाण्यातला मासा, पंचवीस अंशांच्या आसपासच त्याचा जीव कासावीस होतो. आपल्याकडचे रोहू, कटला, मृगळ तीस अंशांच्या पाण्यात आनंदाने वाढतात. यावरून आपले मासे काटक असून त्यांना भय नाही, असा निष्कर्ष मी काढणार होते. तो चुकीचा ठरला. उष्ण कटिबंधातले मासे आधीच आपल्या सहनशक्तीच्या वरच्या मर्यादेजवळ राहतात. मे महिन्यात उथळ पाणी तसेच तापलेले असते. त्यावर आणखी सात अंशांची भर पडली, तर पुढे सरकायला जागाच उरत नाही.

सगळ्या माशांची गत एक नसते. मरळीला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची सोय असते. ती तग धरते. आफ्रिकेतून आलेला चिलापी चाळीस अंशांच्या आसपासचे पाणीही काही काळ सोसतो. बाकीचे मासे दूर निघून जातात, आणि जी अंडी व पिले पळू शकत नाहीत ती मरतात. म्हणून गरम पाण्याचा परिणाम ‘मासे मेले’ असा एकदम दिसत नाही. ‘मासे बदलले’ असा तो हळूहळू दिसतो.

अंड्यांचा प्रश्न आपल्या भागात अधिक महत्त्वाचा आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर नदी-खाडीतले मासे ओढ्यांतून वर चढत भातखाचरांपर्यंत येतात. याला आपण ‘वळगण’ म्हणतो. आकाश भरून येणे, पाणी गढूळ होणे, त्याला ओढ लागणे आणि ते एकाएकी गार होणे, या खुणांवर मासे निघतात. ज्या पाण्याला ऋतूच उरला नाही, त्यातल्या माशांना ही खूण कशी कळावी?

४. मामांचे म्हणणे

माझे मामा कल्याणच्या खाडीकाठी राहतात. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या मासेमारी. मी हा विषय काढला तेव्हा ते हसले. खाडीला मिळणाऱ्या एका नाल्यात पूर्वी एका कारखान्याचे गरम पाणी येई. थंडीच्या दिवसांत पहाटे त्यावर वाफ दिसे. मामा म्हणाले, “पोरी, थंडीचे दिसान मावरा थयाच गोला व्हायचा. मी पुस्तकान नाय वाचला, जाल्यान बघला.” बोय, चिवणी, कोळंबी असे सगळे तेथे मिळे आणि त्या तोंडाशी जाळे टाकायला माणसांत भांडणे होत.

मी गोंधळले. पुस्तक एक सांगते आणि जाळे दुसरे! पुढे वाचताना कळले, की मामांचे निरीक्षण अगदी शास्त्रशुद्ध होते. थंडीत कोमट पाण्याकडे मासे ओढले जातात, हा जगभरचा अनुभव आहे. त्यातच धोकाही आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ऑयस्टर क्रीक येथील अणुकेंद्र जानेवारी १९७२ मध्ये बंद करावे लागले. कोमट पाण्याच्या आशेने थांबलेले मेनहेडन जातीचे मासे एकाएकी गोठवणाऱ्या पाण्यात सापडले आणि मोठ्या संख्येने मेले. आपल्याकडे तशी थंडी नाही. आपला वैरी उन्हाळा.

मामांना मी विचारले, “आणि वैशाखात?” ते जरा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितले, की वैशाखात त्या तोंडाशी कोणी जात नसे. एकदा दुपारी ओहोटीच्या वेळी तेथे मासे पृष्ठभागावर तोंडे उघडून तरंगताना त्यांनी पाहिले होते. लोकांनी ते हातांनी गोळा केले, त्यांनी मात्र घेतले नाहीत. “तोंड वासून वर आलेला मावरा घराला नेवाचा नाय,” असे आजीने बजावले होते. पुढे थंडीतही जाळ्यात चिलापीच अधिक येऊ लागला, आणि मामांच्या मुलाने जाळे सोडून रिक्षा घेतली. एवढ्या एका कारणाने त्याने धंदा सोडला, असे मी म्हणणार नाही. खाडीत सांडपाणी आले, रेती उपसली गेली, भराव पडले. परंतु माझ्या बरणीतला गप्पी आणि मामांनी पाहिलेले ते मासे सारख्याच रीतीने तोंड उघडत होते, हे मला विसरता येत नाही.

५. उष्णतेखेरीज आणखी दोन गोष्टी

शीतकजल आत घेताना त्याबरोबर मासेही ओढले जातात. मोठे मासे तोंडावरच्या जाळीला चिकटून मरतात. अंडी, पिले व सूक्ष्म जीव जाळीतून पार होऊन संघनकाच्या नळ्यांतून जातात. तेथे एकाच वेळी दाब, आदळआपट व उष्णता यांना त्यांना तोंड द्यावे लागते. दुसरे असे, की समुद्राच्या पाण्यात नळ्यांना शिंपले व इतर चिकटणारे जीव धरतात. ते मरावेत म्हणून पाण्यात क्लोरीन घालतात. म्हणजे ‘दुसरे काही मिसळलेले नाही’ हे माझे वाक्यही पुरते खरे नव्हते.

६. तारापूर आणि डहाणू

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात, आता पालघर जिल्ह्यात, या प्रश्नाची दोन ठळक उदाहरणे आहेत. तारापूरचे अणुविद्युत्केंद्र १९६९ साली सुरू झाले. २००५ व २००६ मध्ये तेथे प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन नव्या अणुभट्ट्या चालू झाल्या. शीतकजल समुद्रातून घेतले जाते व समुद्रातच सोडले जाते. मोकळा समुद्र, मोठी भरती-ओहोटी यांमुळे उष्णता लवकर पांगते, ही तेथील जमेची बाजू. नव्या प्रकल्पासाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. ज्याचे घर किनाऱ्यावरून हलते, त्याची होडीही दूर जाते. पाण्याचे तापमान मोजताना ही गोष्ट तक्त्यात येत नाही.

डहाणूचे ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र १९९५ च्या सुमारास खाडीकाठी सुरू झाले. त्याआधीच १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला होता. स्थानिक नागरिकांचा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमले गेले. चर्चा मुख्यतः धूर, राख व चिकूच्या बागा यांची झाली, आणि ती योग्यच होती. माशांची बाजू मांडणे त्याहून अवघड असते. चिकूचे झाड जागेवर उभे असते, ते दाखवता येते. मासा कमी झाला हे दाखवायचे, तर तो पूर्वी किती होता हे कोणी तरी लिहून ठेवलेले असावे लागते.

७. कायदा व उपाय

१९७४ चा जलप्रदूषण कायदा व १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा यांखाली उष्णतेवरही बंधन आहे. १ जून १९९९ नंतर उभारलेल्या केंद्रांनी नदी, तलाव वा जलाशयाचे पाणी वापरल्यास त्यांना शीतन-मनोरे बांधणे सक्तीचे झाले, आणि बाहेर पडणारे पाणी मूळ पाण्यापेक्षा पाच अंशांहून अधिक गरम नसावे असे ठरले. समुद्रकिनाऱ्यावरच्या नव्या केंद्रांना ही मर्यादा सात अंश. जुन्या केंद्रांत आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या पाण्यातला फरक दहा अंशांपेक्षा जास्त नसावा. २०१५ च्या अधिसूचनेने गोड्या पाण्यावरील जुन्या केंद्रांनाही मनोरे सक्तीचे केले. समुद्राचे पाणी वापरणाऱ्यांना मात्र त्यातून वगळले.

मनोऱ्यात गरम पाणी वरून फवारतात. त्याचा थोडा भाग वाफ होऊन उडतो व उरलेले निवते. मासे वाचतात, परंतु हे फुकट होत नाही. एक हजार युनिट विजेमागे सुमारे दोन हजार लिटर पाणी आकाशात जाते. कोकणात हे खपेल. मराठवाड्यात २०१३ च्या दुष्काळात परळी वैजनाथचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. नदी तापवावी की आटवावी, असा हा पेच आहे. अमेरिकेत फ्लॉरिडातील टर्की पॉइंट येथे गरम पाण्याने उपसागरातील समुद्रगवत मेले, तेव्हा लांबच लांब कालवे खोदून पाणी त्यांत निववण्याचा मार्ग काढला गेला. जागा मुबलक असेल तेथेच तो शक्य आहे.

८. पुन्हा आपल्या दारी

अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे. ते ज्या वालधुनीच्या काठी आहे, तिच्यात आज मासा शोधूनही मिळणार नाही. तेथे गरम पाण्याचा वेगळा परिणाम मोजायचा तरी कसा? उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दंड केला. उल्हासच्या वरच्या भागात मासा अजून आहे. पण उन्हाळ्यात पाण्यावर जलपर्णीची चादर पसरते.

या साऱ्या अभ्यासातून मला जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटली, ती येथे लागू पडते. उष्णता एकटी काम करीत नाही. सांडपाणी कुजवणारे जिवाणू गरम पाण्यात अधिक वेगाने प्राणवायू संपवतात. अमोनियाचा विषारी अंश वीस अंशांच्या पाण्यापेक्षा तीस अंशांच्या पाण्यात सुमारे दुप्पट असतो. स्वच्छ नदी जी उष्णता पचवील, ती घाणेरड्या नदीला पचत नाही. म्हणून केवळ ‘पाणी किती अंश गरम?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘ते कोणत्या पाण्यात, कोणत्या महिन्यात, भरतीला की ओहोटीला सोडले?’ हेही विचारले पाहिजे.

समारोप

उल्हास नदी आपल्याला आठवते ती पुरात. २६ जुलै २००५ ला आठवली, २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तेव्हा आठवली. एरवी लोकलच्या खिडकीतून ती दिसते आणि मागे पडते. मामांच्या जाळ्याचा हिशेब कोणी लिहून ठेवला नाही. त्यामुळे खाडीत पूर्वी काय होते, हे आज आपण सिद्ध करू शकत नाही. निदान पुढच्या पिढीवर तरी तशी वेळ येऊ नये.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. एक उष्णतामापक, एक वही, आणि महिन्यातून एकदा ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी जाण्याचा नेम एवढे पुरे. बदलापूरचा बंधारा, अंबरनाथच्या मंदिरामागचे वालधुनीचे पात्र आणि कल्याणची खाडी अशा तीन जागा मी ठरवल्या आहेत. पाण्याचे तापमान, रंग आणि त्या दिवशी कोणता मासा मिळाला, हे कोळ्याला विचारून लिहायचे. माझे हे शेवटचे वर्ष. ती वही मी भूगोल विभागाकडे ठेवून जाणार आहे. पुढच्या वर्षी ती कोणी तरी उचलावी, एवढीच इच्छा.

आणि सर, आपल्या प्रश्नाचे उत्तर : होय. नुसते गरम पाणीसुद्धा प्रदूषण होऊ शकते. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी.